बेस सिक्स घेतोयस भाऊ, तर आधी हे बघ

भाऊ, आधी काय वाजवणार ते ठरव. अहिराणी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात नुसती खालची बाजू धरायचीये तर साधा चार तारांचा बेस बेस्ट, पण कॉर्ड, धून सगळं खालच्या पट्टीत पाहिजे तर सहा तारांचा बेस सिक्सच घे. फेंडर कंपनीने हा 1961 साली काढला, स्केल (तारेची वाजणारी लांबी) 30 इंच, ट्यूनिंग गिटारसारखंच फक्त एक सप्तक खाली, तारा जवळजवळ असतात म्हणून पिकनेच वाजव.

खरी गोम जाड ई तारेत आहे. सोबत येणारी 84 ची (म्हणजे 0.084 इंच जाडीची) तार एवढ्या छोट्या स्केलवर लुळी पडते, सूर हलतो, त्यामुळे 95 ची टाकच, साध्या बेसची तार नको, खुंटीत नीट बसत नाही. जाड तारेला नटची (नेकच्या म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाच थोडी घासावी लागते, ते कारागिराकडूनच करून घे. मग ट्यून कर, ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक ठरवणारी सळई) एकावेळी पाव फेराच फिरव, नंतर तारांची उंची, इंटोनेशन (पूर्ण नेकवर सूर बरोबर लागणं) सगळ्यात शेवटी, ई चा सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) पार मागे जाईल, जाऊ दे.

आणि आपल्या जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत नको ठेवू रे, नेक वाकते, पावसाळा लागला की परत चेक कर.