मधली भिंत पाडून संडास-बाथरूम एकत्र केलं तर जागा मोठी वाटेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुना फ्लॅट, संडास ३ बाय ४ फूट, त्याला लागून बाथरूम ४ बाय ५, घरात पाच माणसं. इंटिरिअरवाला म्हणतो मधली भिंत पाडू, हॉटेलसारखं दिसेल. पाडावी का? आणि नाही पाडली तर एवढंसं बाथरूम ऐसपैस आणि सोयीचं कसं करायचं?

पाडू नका. घाईत असाल तर एवढंच वाचलंत तरी चालेल.

हा प्रश्न वाचून मला पुढे सरकवेना, कारण याच भिंतीवरून आमच्या घरात एक वाद आहे आणि तो दर सणावाराला नव्याने सुरू होतो. माझे धाकटे दीर कल्याणला राहतात. त्यांनी त्यांच्याकडची ही भिंत पाडली. आत कमोड, बेसिन, मधे काचेचं पार्टिशन, डोक्यावर ताटाएवढा शॉवर. पाहुण्यांना चहाच्या आधी बाथरूम दाखवायचे. मग आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटचं काम निघालं तेव्हा सोफ्यावर बसून म्हणाले, "वहिनी, पाडून टाका ती भिंत. काय चाळीसारखं ठेवलंय अजून!"

मी गिरगावात चाळीत वाढले. तिथे मोरी घरात आणि संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्या बिऱ्हाडांत सामाईक. सकाळची रांग काय असते ते चाळीतल्या माणसाला शिकवू नये. एक जण अंघोळीला आणि एक जण संडासला एकाच वेळी जाऊ शकतो, ही सोय ज्या घरात एकच संडास आहे तिथे सोन्याच्या मोलाची असते. भिंत पाडली की ती गेली. मग एकाचं सगळं आटपेपर्यंत बाकीचे चौघे घड्याळाकडे बघत बसणार, आणि गाडी काही थांबत नाही.

आता मिळतं किती ते बघा. आतली भिंत ४ इंची, दोन्हीकडचं प्लास्टर आणि टाइल्स धरून फार तर ६ इंच. लांबी ४ फूट. म्हणजे एवढी तोडफोड करून हाती येते २ चौरस फूट जागा. पाट आणि बादली ठेवली की संपली. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये बाथरूमसाठी किमान १.८ चौरस मीटर, संडाससाठी १.१, आणि एकत्र असेल तर २.८ चौरस मीटर धरलेत. बेरीज करा. फरक ०.१ चौरस मीटरचा, जेमतेम एक चौरस फुटाचा. एक दार वाचतं, ते मान्य. पण भाऊजींनी वाचवलेल्या दाराच्या जागी काच उभी केली आणि आता त्या काचेला कोपर आपटल्याशिवाय पाठीला साबण लावता येत नाही.

एका गणपतीत आम्ही सगळे त्यांच्याकडे राहायला होतो. पूजेची घाई, प्रत्येकाला अंघोळ करून मगच गाभाऱ्यात, म्हणजे त्यांच्या हॉलमध्ये, यायचं. आत जाऊबाईंचे भाऊ गेले ते निवांत गृहस्थ. बाहेर माझ्या पुतण्याचं तोंड पांढरं पडलेलं. आणि त्या सकाळी खुद्द भाऊजी टॉवेल खांद्यावर टाकून समोरच्या बिऱ्हाडात गेले. हॉटेलसारख्या बाथरूमचा मालक दुसऱ्याच्या दारात उभा! हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ते हे वाचतात हे मला माहीत आहे.

आणि ओल. आपण अंघोळ करतो ती बादली-तांब्याने, खाली बसून किंवा उभं राहून, पण पाणी चारी दिशांना जातंच. एकत्र बाथरूममध्ये कमोडपाशी दिवसभर ओलं. सत्तरीच्या माणसाला रात्री ओल्या लादीवरून कमोडपर्यंत चालत जावं लागणं हे मला तरी सोयीचं वाटत नाही. आमच्या सासूबाईंचे गुडघे तेव्हाच गेलेले होते.

तर आम्ही काय केलं. भिंत ठेवली, माळा काढला. तुमच्याकडेही जुन्या पद्धतीप्रमाणे बाथरूमवर माळा असणार. आमचा ७ फुटांवर होता, वर आणखी अडीच फूट उंची आणि खिडकीचा अर्धा भाग त्याने खाल्लेला. त्यावर काय होतं म्हणाल, तर पितळी घंगाळं, गळका बंब, तीन दिवाळ्यांचे कंदील आणि एक पाळणा, ज्यावर कोणीच हक्क सांगेना. तो माळा उतरवल्यावर त्याच ४ बाय ५ मध्ये पहिल्यांदा उजेड आला. बाथरूम लहान वाटतं ते रुंदीपेक्षा डोक्यावरच्या छतामुळे, हे माझं ठाम मत आहे. टाइल्सच्या दुकानात हे कोणी सांगणार नाही, कारण माळा काढण्यात त्यांना काही मिळत नाही. गीझर मग दाराच्या वर आडवा बसवला, अंघोळीच्या जागेवर लोंबत नाही. एक्झॉस्ट पंखा खिडकीच्या वरच्या भागात.

बेसिन आत घेतलंच नाही. बाहेर पॅसेजमध्ये ठेवलं. म्हणजे एक अंघोळीला, एक संडासात, एक बाहेर दात घासतोय. तीन माणसं एकाच वेळी निघतात.

खरी लढाई झाली ती लादीवरून. दुकानदार, भाऊजी आणि आमचे हे, तिघांचं एकमत: जमिनीला २ बाय २ ची मोठी टाइल लावा, सांधे कमी, जागा मोठी दिसते. दिवाणखान्यात ठीक आहे. बाथरूमच्या जमिनीला ढाळ लागतो, फुटाला निदान दीड-दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि नानी ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी, कोपऱ्यात असेल तर तो ढाळ दोन बाजूंनी काढावा लागतो. दोन फुटी टाइल दोन बाजूंना वाकत नाही. मग मिस्त्री एक तर ती तिरकी कापतो, ते दिसतं वाईट, किंवा ढाळच कमी करतो आणि पाणी साचतं. मी १ बाय १ ची मॅट टाइल आणली. तिघेही नाराज.

तरी मिस्त्रीने शेवटी ढाळ चुकवलाच. अर्धी लादी बसली होती, मी एक तांब्या पाणी नेमकं पाट ठेवायच्या जागी ओतलं. पाणी तिथेच बसून राहिलं. मिस्त्री म्हणतो, "भाभी, वायपर मार लेना." मी म्हटलं, वायपर मारायचा तर ढाळ कशाला? कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. तो म्हणाला, सगळीकडे असंच असतं. मी पाट टाकून दारातच बसले आणि माल ओला आहे तोवर दोन ओळी उचलायला लावल्या. आज आमच्याकडे अंघोळ झाल्यावर थोड्याच वेळात जमीन कोरडी असते. कल्याणला वायपर आहे. छान, स्टीलच्या दांडीचा.

वॉटरप्रूफिंगचं वेगळं सांगायला नको, पण एक सांगते. जुन्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब मुद्दाम खाली घेतलेला असतो आणि त्यात विटांचे तुकडे नि माती भरलेली असते. ती सगळी काढा. वरून नवी लादी चिकटवून देणारे भेटतील, स्वस्तात होईल, उंबरा मात्र वर येईल आणि आतली कुजकी पाइप तशीच राहील. पाइप नवे, कोटिंग, कोबा, आणि मग पाणी भरून निदान दोन दिवस ठेवा. खालच्यांना आधी सांगून ठेवा की छतावर ओल दिसली तर लगेच कळवा. आमच्या खालच्या काकू रोज सकाळ-संध्याकाळ मान वर करून बघत होत्या, आणि कोरडं आहे हे सांगायलासुद्धा वर यायच्या.

भिंतींना एकच फिकट टाइल थेट वरपर्यंत लावा. मधे पट्टा नको, डॉल्फिनचं चित्र असलेली हायलायटर टाइल तर नकोच. सांध्यांत इपॉक्सी भरा, महाग पडतं पण सहजासहजी काळं पडत नाही. साबण-शांपूसाठी भिंतीत कोनाडा करू म्हणतील. ४ इंची भिंतीत कोनाडा खोदलात तर पलीकडे काय उरणार? कोपऱ्यात ग्रॅनाइटचे दोन तुकडे बसवून घ्या. आरसा मोठा हवा हे खरं आहे, पण तो बाहेरच्या बेसिनवर. बाथरूममध्ये वाफेने काही दिसतच नाही.

संडासात भिंतीला टांगलेला कमोड घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. दिसतो सुंदर, खालून झाडू फिरतो. पण त्याची टाकी भिंतीच्या आत जाते, म्हणजे मागे आणखी एक जाड भिंत बांधा. ३ बाय ४ मध्ये तेवढे इंच कुठून आणणार? शिवाय उद्या टाकी बिघडली तर त्या कंपनीचा माणूस शोधा. साधा, जमिनीवर बसणारा, छोट्या लांबीचा कमोड घ्या. कमोडच्या मध्यापासून बाजूची भिंत १५ इंच तरी हवी, तुमच्या ३ फुटी रुंदीत ती १८ मिळते.

आता थोडं मागे येते, नाहीतर भाऊजी म्हणतील वहिनी एकांगी लिहितात. घरात दुसरा संडास असेल तर पाडा खुशाल. दोघंच राहत असाल तरी हरकत नाही. आणि घरात कोणी व्हीलचेअरवर असेल, किंवा अंघोळ घालायला सोबत माणूस लागत असेल, तर एकत्र मोठी जागा खरोखरच सोयीची पडते, तिथे माझा मुद्दा चालत नाही. कल्याणला यांपैकी काहीच नव्हतं. पाडायचीच ठरली तर आधी इंजिनिअरला दाखवा, काही जुन्या इमारतींत आतल्या भिंतींवरही भार असतो. माळा काढतानाही तेच. सोसायटीची परवानगी लेखी घ्या, तोंडी 'हो' म्हणणारे सेक्रेटरी पुढच्या निवडणुकीत बदलतात. कमोडची जागा हलवू नका, नव्या जागेखाली कोणाचं तरी स्वयंपाकघर असेल.

खर्चाचं विचारलंत, पण आमचं काम होऊन बरीच वर्षं झाली, तेव्हाचा आकडा सांगून तुमची दिशाभूल होईल. तीन जणांकडून लेखी अंदाज घ्या आणि त्यात डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, उचलण्याचे पैसे धरलेत का ते विचारा.

आणि दार. दोन्ही दारं बाहेर उघडणारी करून घ्या. आत ५ फुटांत दाराला फिरायला जागा द्यावी लागत नाही, हा एक भाग झाला. दुसरा असा, की म्हातारं माणूस आत पडलं तर ते बहुधा दारालाच टेकून पडतं, आणि आत उघडणारं दार मग बाहेरून ढकलता येत नाही. कडी अशी घ्या की बाहेरूनही नाण्याने फिरवता येईल. सासूबाईंसाठी कमोडशेजारी धरायला स्टीलची दांडी बसवली होती; तुम्हालाही हवी असेल तर टाइल लागायच्या आधीच मिस्त्रीला सांगा, म्हणजे तेवढ्या जागी तो भिंत भरीव ठेवेल.