एकट्याने शिकताना आपलं लर्निंग नेटवर्क कसं उभं करावं?

प्रश्न: नोकरी सांभाळून स्टॅटिस्टिक्स शिकणं चालू आहे. शेकडो लोकांना फॉलो केलंय, बुकमार्क साचलेत, पण अडलं की विचारायला कोणी नाही. ऑनलाइन टूल्स वापरून पर्सनल लर्निंग नेटवर्क कसं बांधायचं? लिंक्डइन पुरेसं आहे का?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातच निम्मं निदान आहे. तुमच्याकडे वाचनाची सोय आहे, नेटवर्क, म्हणजे ज्यांच्याकडून शिकता येतं आणि अडलं की विचारता येतं अशी माणसं, अजून नाही. दोन्ही लागतात, पण दोन्हींसाठीच्या सवयी निराळ्या.

वाचनाचं आधी उरकतो. फीडली किंवा इनोरीडरसारखा एखादा आरएसएस रीडर घ्या, म्हणजे तुम्ही निवडलेल्या साइटींवरचं नवं लिखाण (त्यांचा ‘फीड’) एका जागी आणून देणारं ॲप. तिथे काय दिसावं हे तुम्ही ठरवता, अल्गोरिदम नाही. वर्डप्रेसवरच्या बहुतेक ब्लॉगच्या पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ देऊन ‘feed’ लिहिलं की फीड मिळतो. यूट्यूब चॅनेलही रीडरमध्ये घेता येतात. महिनाभर जे उघडलंच नाही ते काढून टाका. आणि आपल्या स्रोतांची यादी ओपीएमएल फाइलमध्ये (फीडची यादी एका रीडरमधून दुसऱ्यात नेता येते अशी फाइल) उतरवून ठेवा. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला, तेव्हा ही फाइल हाताशी असलेले लोक दुसऱ्या रीडरवर सहज गेले. टूल्स बंद पडतात, यादी आपली असली की झालं.

आता माणसं. फॉलोअर किती आहेत हे बघू नका. तुम्हाला पटलेल्या एखाद्या उत्तरात लेखकाने कोणाचा दाखला दिलाय ते बघा, मग त्या माणसाने कोणाचा दिलाय ते बघा. दोन-तीन पायऱ्यांत तीच ती नावं पुन्हा भेटू लागतात. मात्र सगळे एकाच वर्तुळातले नकोत. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या निबंधात दाखवलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी पाचांतल्या चौघांहून जास्त जणांना ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही असतं, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. शिकण्याचंही मला तसंच वाटतं. म्हणून साथरोग, पर्यावरण, मानसशास्त्र अशा क्षेत्रांत स्टॅटिस्टिक्स वापरणारेही तुमच्या यादीत हवेत.

खरी मेहनत आहे ती प्रश्न विचारण्यात. कोड चालत नसेल तर स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांची साइट; पद्धत किंवा अर्थ कळत नसेल तर त्याच कुटुंबातली स्टॅटिस्टिक्सची साइट, क्रॉस व्हॅलिडेटेड. जागा चुकली तर प्रश्न बंद होतो आणि उगाच मन खट्टू होतं. आधी शोधून बघा, मग विचारा. ‘रिग्रेशन चुकतंय, मदत करा’ याला कोण काय उत्तर देणार? त्याऐवजी असं लिहा: ‘हे व्हेरिएबल एकटं घातलं तर गुणक (कोएफिशियंट) धन येतो, दुसरं सोबत घातलं की ऋण होतो. दोघांत कोरिलेशन ०.९ आहे. याचा अर्थ कसा लावू?’ आकडे दिलेत, काय करून पाहिलं ते सांगितलंत, नेमकं कुठे अडलंय तेही दिसतंय. अशा प्रश्नाला जाणकार मन लावून उत्तर देतात. उत्तर मिळाल्यावर ते लागू पडलं की नाही हे तिथेच कळवा. बहुतेक जण हे करत नाहीत, त्यामुळे करणारा लक्षात राहतो.

मग तुमच्या एक पायरी मागे असलेल्यांना उत्तरं द्या. ‘मला कुठे येतंय?’ हा संकोच सोडा. जे कालच कळलं ते समजावायला तुम्हीच बरे, कारण कुठे अडतं ते तुम्हाला आठवतंय. चुकलात तर कोणीतरी दुरुस्त करेल, तीही ओळखच.

चॅटबॉट आहे की, मग माणसं कशाला? संकल्पना सोपी करून घ्यायला तो जरूर वापरा. पण ते बोलणं तिसऱ्या कोणाला दिसत नाही, त्यामुळे त्यातून नवा माणूस भेटत नाही.

शिकलेलं सगळ्यांना दिसेल असं लिहिण्याचाही फायदा हाच, की नवी माणसं भेटतात. २००८ मध्ये ऑनलाइन शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज सीमन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात एक कोर्स घेतला. फी भरणारे सुमारे २५ आणि फुकट ऑनलाइन येणारे २,०००हून जास्त. सहभागी आपापल्या ब्लॉगवर लिहायचे आणि डाउन्स यांचं सॉफ्टवेअर आरएसएसमधून ते एकत्र गोळा करायचं. इतका पसारा तुम्हाला नको. साधा ब्लॉग पुरे, दोन परिच्छेदांची नोंद पुरे.

यातून चार-पाच ओळखीचे झाले की त्यांचा छोटा ग्रुप करा. वाचायचे निबंध झोटेरो या संदर्भ साठवायच्या ॲपच्या ग्रुप लायब्ररीत ठेवा. फाइल्ससाठी फुकट जागा ३०० एमबीच आहे, पण नुसत्या नोंदी आणि लिंका ठेवल्या तर ती लवकर भरत नाही. हजार-हजार जणांच्या टेलिग्राम ग्रुपांवर माझा फारसा विश्वास नाही. तिथे तोच प्रश्न दर आठवड्याला नव्याने येतो आणि नीट दिलेलं उत्तर संध्याकाळपर्यंत वर सरकून दिसेनासं होतं.

लिंक्डइनचं म्हणाल तर प्रोफाइल असू द्या, नोकरीसाठी उपयोगी आहे. पण गुणकाचं चिन्ह का बदललं हे तिथे विचारू नका; ‘अभिनंदन’ म्हणणारे बरेच भेटतील, उत्तर देणारा एखादाच.