बुडालेलं जहाज बघायला कर्ज काढावं का?

खानापूरहून एका वाचकाने विचारलंय: वय ३०, बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर काम, हातात ३८,००० पगार. मित्रांबरोबर सप्टेंबरमध्ये बालीला जाऊन तुलांबेनचं बुडालेलं जहाज स्कूबा डायव्हिंग करून बघायचंय. पॅकेज अडीच लाखांचं. पर्सनल लोन काढू, की सोसायटीतली दोन लाखांची ठेव मोडू?

दोन्ही नको. बाली मात्र सोडू नका, एक वर्ष पुढे ढकला.

अडीच लाख १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ८,५४४ आणि निव्वळ व्याज ५७,६००. ठेव म्हणजे तुमचा पाच महिन्यांचा पगार. ऑर्डरी घटल्या की आधी ओव्हरटाइम जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिला हात लावू नका.

आता पॅकेज बघा. त्यात डायव्हिंगचा कोर्स आहे आणि दोन दिवसांची बोट आहे. तुलांबेनचं 'लिबर्टी' हे अमेरिकी मालवाहू जहाज. १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जखमी झालं म्हणून किनाऱ्याला लावलं, आणि १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात पाण्यात ढकललं गेलं. आज ते किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. गावातल्या बायका सिलिंडर डोक्यावरून गोट्यांवर आणून ठेवतात, आपण चालत पाण्यात शिरायचं. बोटीचे पैसे कशाला? वरचा भाग पाचेक मीटरवरच लागतो आणि कोर्सनंतर मिळणारं ओपन वॉटर लायसन्स १८ मीटरपर्यंत चालतं. म्हणजे जहाजाचा बराच भाग तुमच्या आवाक्यात येतो.

कोर्स पावसाळ्यानंतर तारकर्लीला करा. पाण्याखाली आपल्याला जमतं का, आवडतं का, हेही बालीच्या तिकिटाआधीच कळेल. पगाराच्या दिवशी ९,००० ची आरडी लावा, वर्षात १,०८,००० आणि वर व्याज. पिग्मीपेक्षा आरडीत व्याज बरं मिळतं. कमी पडेल तिथे दिवाळीचा बोनस.

विमा घेताना स्कूबा आणि खोलीची मर्यादा पॉलिसीत लिहिलेली आहे का, ते स्वतः वाचा. साध्या प्रवास विम्यात बऱ्याचदा ते नसतं.

आणि तारकर्लीहून शेवटच्या डाइव्हनंतर त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढू नका. आपला बेळगावचा भाग अडीच हजार फुटांच्या आसपास, अंगात मुरलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे धरतो. एकाहून जास्त डाइव्हनंतर विमानासाठी १८ तास थांबतात, घाटासाठीही तेवढेच थांबा. त्या रात्रीचं लॉजभाडं कोर्सच्या खर्चातच धरा.