ज्युलियातून पायथनच्या पॅकेजमधले आतले मॉड्यूल कसे इम्पोर्ट करावे?

पायथनकॉल (ज्युलियातून पायथन वापरू देणारे पॅकेज) वापरून ज्युलियात मॅटप्लॉटलिब हे पायथनचे आलेख काढायचे पॅकेज इम्पोर्ट होते, पण त्यापुढे टिंब देऊन त्यातले पायप्लॉट मॉड्यूल मागितले की असे ॲट्रिब्यूटच (टिंबानंतर मिळणारे नाव) नाही अशी एरर येते, आणि आपल्या स्वतःच्या ‘हिशोब’ पॅकेजमधल्या ‘कर.दर’ या मॉड्यूलचेही तसेच होते, असे आपण विचारले आहे. यात दोष ज्युलियाचाही नाही आणि पायथनकॉलचाही नाही; मूळ पायथनच असा वागतो.

पॅकेज इम्पोर्ट केले की पायथन फक्त त्याची इनिट फाइल (__init__.py) चालवतो. आतली मॉड्यूल्स त्या फाइलने किंवा अन्य कोडने आधीच लोड केलेली असतील तरच ती टिंब देऊन मिळतात, आणि मॅटप्लॉटलिबची इनिट फाइल पायप्लॉट लोड करत नाही. म्हणून पायथनकॉलच्या पायइम्पोर्ट या फंक्शनला ‘मॅटप्लॉटलिब.पायप्लॉट’ असे पूर्ण नाव एकाच स्ट्रिंगमध्ये द्यावे. मग पायथन बाहेरून आत एकेक पातळी लोड करत जातो आणि पायइम्पोर्ट सर्वांत आतले मॉड्यूल आपल्या हाती देते. लोड झालेले मॉड्यूल वरच्या पॅकेजला ॲट्रिब्यूट म्हणून जोडलेही जाते, त्यामुळे यानंतर त्याच सेशनमध्ये आपली जुनी ओळसुद्धा चालू लागते. ‘काल चालत होते, आज चालत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते, तेव्हा त्या चालण्यावर विसंबू नये.

‘हिशोब’साठी पायथनच्या सिस.पाथ यादीत (पायथन मॉड्यूल्स जिथे शोधतो त्या फोल्डरांची यादी) ‘हिशोब’ फोल्डर ज्यात आहे ते वरचे फोल्डर घालावे, खुद्द ‘हिशोब’ नव्हे, आणि ‘हिशोब.कर.दर’ असे नाव द्यावे. आतले फोल्डर यादीत घातल्यास ‘दर’ एकटे इम्पोर्ट होईल, परंतु त्यातला पहिलाच सापेक्ष इम्पोर्ट (टिंबाने सुरू होणारा, त्याच पॅकेजमधून केलेला) मूळ पॅकेज माहीत नसल्याची एरर देईल.

हे सारे ज्युलियाच्या पॅकेजमध्ये बसवायचे असेल, तर पायइम्पोर्टचे उत्तर फाइलच्या वरच्या पातळीवर स्थिरांकात थेट साठवू नका, कारण प्रीकंपाइल करताना (ज्युलिया पॅकेज आधीच कंपाइल करून ठेवते तेव्हा) साठलेला पायथन ऑब्जेक्टचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, पुढच्या सेशनमध्ये निरर्थक असतो. स्थिरांक पायथनकॉलच्या पायन्यू फंक्शनने रिकामा तयार करावा आणि ज्युलियाच्या इनिट फंक्शनमध्ये, म्हणजे पॅकेज प्रत्यक्ष लोड होताना, पायथनकॉलच्याच पायकॉपी फंक्शनने त्यात मॉड्यूल भरावे.