वाचकांचे प्रश्न : निरोप समारंभ, दाखला आणि अकरावी

प्रश्न : दहावीच्या ६० जणांचा निरोप समारंभ आम्ही नववीवाले करणार आहोत. दरवर्षी भाषणं लांबतात आणि फोटो काढेपर्यंत ऊन उतरतं. नीट कसा बसवायचा? (वर्गप्रतिनिधी, वाई)

फोटो शेवटी ठेवता, तिथेच चुकतं. तोवर साड्यांच्या निऱ्या सुटलेल्या असतात आणि रडून डोळे सुजलेले. सगळे आले की आधी फोटो उरका. पुढे सतरंजीवर १६ जण, मागे खुर्च्यांवर शिक्षक आणि त्यांच्या दोन्ही कडांना दोघं-दोघं, त्यामागे २० उभे आणि शेवटी बाकांवर २०. बाक आधी हलवून बघा, डुगडुगणारा बदला. ऊन तोंडावर आलं तर डोळे मिटतात, पाठीवर आलं तर चेहरे काळे येतात. म्हणून इमारतीच्या सावलीत उभं करा. पाच-सहा फोटो घ्याच, साठांत कुणीतरी डोळे मिटतंच.

मनोगतं सहाच ठेवा, प्रत्येकी दोन मिनिटं. दोन मिनिटं म्हणजे कागदावर सुमारे दोनशे शब्द. कागद आदल्या दिवशी मागून घ्या, म्हणजे सहाही जणांनी सहलीचा तोच किस्सा लिहिला असेल तर आधीच कळेल. चार शिक्षकांना पाच-पाच मिनिटं आणि मुख्याध्यापकांना दहा मिनिटं दिली की पाऊण तासात भाषणं संपतात. शिक्षकांना मुलांच्या आधी बोलवा. शेवटी ठेवलं की घंटा होते आणि त्यांचंच बोलणं राहतं.

खायला बटाटेवडे असतील तर किलोभर बटाट्यांत मध्यम आकाराचे अठरा-वीस वडे होतात. माणशी दोन धरले तर मुलांसाठीच सहा किलो लागतील. शिक्षक, शिपाईमामा आणि तुम्ही वाढणारे धरून आठ किलो घ्या. शाळेला भेट द्यायची तर कृपा करून भिंतीवरचं घड्याळ नको! मागच्या बॅचेसची घड्याळं कपाटात पडून असतील. प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात काय कमी आहे ते विचारा आणि तेच द्या.

प्रश्न : मुलीच्या आधारवर नावाचं स्पेलिंग एक आणि शाळेत दुसरं आहे. निकाल लागल्यावर दुरुस्त केलं तर चालेल का? (एक पालक, सातारा)

चालेल, पण तेव्हा फार जड जाईल. निरोप समारंभाच्या साडीइतकीच घाई या कामाची करा.

शाळेतली मूळ नोंद जनरल रजिस्टरमध्ये असते आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच लिहिला जातो. कार्यालयात जाऊन ती ओळ स्वतः वाचा : आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. अंकात ७ आणि अक्षरात ‘सतरा’ अशी चूक वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेस पडत नाही. मग हे सगळं जन्मदाखल्याशी ताडून पाहा. शाळेची नोंद बरोबर असेल तर आधार दुरुस्त करा, ते सोपं. शाळेची चुकली असेल तर मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. ते प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे (मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे) पाठवतात आणि मंजुरीनंतर रजिस्टरमध्ये लाल शाईने दुरुस्ती होते. मुलगी शाळेच्या पटावर आहे तोवर हे सुरू करा. दाखला हातात पडल्यावर पुरावे जास्त मागतात आणि फेऱ्याही वाढतात.

बोर्डाकडची नोंद वेगळी. परीक्षेचे अर्ज भरल्यावर शाळेकडे प्री-लिस्ट (भरलेली माहिती तपासण्यासाठीची यादी) येते, ती पालकांनी बघायला मागावी. ती वेळ गेली असेल तर हॉलतिकीट नीट वाचा आणि चूक दिसताच शाळेमार्फत विभागीय मंडळाला कळवा. हॉलतिकिटावरचं स्पेलिंगच गुणपत्रकावर उतरतं. पुढे पासपोर्ट काढताना किंवा पदवीला प्रवेश घेताना तेच आडवं येतं.

प्रश्न : अकरावीच्या ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम कसा लावावा? (विद्यार्थी, नांदेड)

२०२५-२६ पासून ही प्रक्रिया सगळ्या राज्याला लागू झाली, त्यामुळे नांदेडकरांनाही आता तिच्यातूनच जावं लागतं. भाग १ मध्ये वैयक्तिक माहिती आणि भाग २ मध्ये पसंतीची कॉलेजं. जास्तीत जास्त दहा भरता येतात.

पहिल्या पसंतीला फार जपा. ती मिळाली आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. ‘टाकून बघू’ म्हणून तिथे काही लिहू नका. लागलं तर खरोखर जाणार असाल तेच कॉलेज टाका. टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने, म्हणजे सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवरून, ५०० पैकी धरतात. मागच्या वर्षीचा कटऑफ बघताना तुमचा प्रवर्ग, माध्यम आणि अनुदानित की विनाअनुदानित तुकडी हे तिन्ही जुळवून बघा. एकाच कॉलेजच्या दोन तुकड्यांत शुल्काचाही मोठा फरक असतो. दहांत तीन कॉलेजं तुमच्या आवाक्याच्या थोडी वर, चार बरोबरीची आणि तीन नक्की मिळणारी ठेवा. रोज एसटीने दीड तास जावं लागेल असं कॉलेज कटऑफ जुळला तरी वर लावू नका.

कागदांत गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला मूळ लागतो. दाखला कॉलेजात जमा होतो, म्हणून आधीच रंगीत स्कॅन आणि दहा झेरॉक्स काढा. आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर (कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला). त्यावर वैधतेची तारीख छापलेली असते, बहुधा ३१ मार्च. जूनमध्ये काढून बघितला आणि मार्चमध्येच संपलेला, हे हमखास होतं. तहसीलच्या दाखल्यांसाठी एप्रिलमध्येच अर्ज टाका. निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते.

प्रश्न : गणितात राहिलो तर वर्ष वाया जातं का? (विद्यार्थी, चिपळूण)

नाही. एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीवर (राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर) अकरावीला बसता येतं. राहिलेला विषय जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेत काढून टाका, बारावीला जाण्याआधी तो सुटलेला हवा. इंजिनिअरिंग मनात असेल तर मात्र अकरावी सायन्सला गणित सोडू नका, सीईटी या प्रवेश परीक्षेचा पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गट त्याशिवाय देता येत नाही. डॉक्टरकीचंही ठरत नसेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्या. अभ्यास वाढतो, पण निर्णयाला दोन वर्षं मिळतात.