अमेरिकन फुटबॉलमधला नॉर्म व्हॅन ब्रॉक्लिन खेळाडू म्हणून मोठा होता की प्रशिक्षक म्हणून?

खेळाडू म्हणूनच, आणि फरक बराच मोठा आहे. आकडेच पाहा. २८ सप्टेंबर १९५१ रोजी लॉस एंजेलिस रॅम्सकडून त्याने एकाच सामन्यात पास फेकून ५५४ यार्ड मिळवले. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधला हा विक्रम इतक्या वर्षांत, पासिंगचा खेळ एवढा वाढूनही, कुणाला मोडता आलेला नाही. त्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात सहकारी टॉम फिअर्सला दिलेल्या त्याच्या ७३ यार्डांच्या पासमुळे रॅम्स विजेते ठरले. १९६० मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डींच्या ग्रीन बे पॅकर्सला १७-१३ असं हरवलं, तेव्हाही क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) हाच. ते विजेतेपद मिळवून तो निवृत्त झाला.

प्रशिक्षक म्हणून मिनेसोटा व्हायकिंग्ज (१९६१-६६) आणि अटलांटा फाल्कन्स (१९६८-७४) मिळून ६६ विजय, १०० पराभव, ७ बरोबरी. प्लेऑफ (मोसमाअखेरची बाद फेरी) एकदाही नाही.

पण नुसत्या या आकड्यांवरून त्याला वाईट प्रशिक्षक ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. दोन्ही संघ नवे होते. व्हायकिंग्जचा तर तो पहिलाच मुख्य प्रशिक्षक, आणि पहिल्याच अधिकृत सामन्यात त्यांनी शिकागो बेअर्सला ३७-१३ असं हरवलं होतं.