काठावरून टाकायला शॅलो डायव्हर कोणता घ्यावा? रंगाआधी लिप बघा

तुम्ही विचारलंय की बास फिशिंगचे व्हिडिओ बघून शॅलो डायव्हर, म्हणजे ओढला की थोडीच बुडी मारून चालणारा खोटा मासा (लुअर), घ्यायचं मनात आलंय, होडी नाही, काठावरूनच टाकणार. तर कोणता घ्यावा, कसा ओढावा आणि हतनूर-गिरणा धरणांच्या पाण्यात तो चालेल का. चालतो. आपल्या तापी-गिरणेत बास नाही, पण मरळ आहे, आणि दोघांची शिकारीची रीत बरीचशी सारखी. उथळ पाण्यात खुंटाच्या नाहीतर दगडाच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि बारीक मासळी समोरून गेली की झडप घालायची. त्यामुळे बाससाठी बनलेला हा लुअर मरळीलाही चालतो.

लुअर घेताना सगळ्यांची नजर आधी रंगावर जाते. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी लिप बघा. लिप म्हणजे तोंडाखालची प्लास्टिकची पट्टी. ती आखूड असेल आणि जवळजवळ उभी खाली उतरलेली असेल, तर लुअर साधारण २ ते ५ फुटांवर चालतो. ती लांब आणि अंगाच्या रेषेत पुढे गेलेली असेल, तर तो १० फुटांच्याही खाली जाऊ शकतो. काठावरून आपण फेकतो खोलात आणि ओढतो उथळाकडे. खोल जाणारा लुअर मग अर्ध्या वाटेतच गाळात चोच खुपसतो. हतनूरला गाळ भरपूर, तिथे तर तो हमखास रुततो.

त्यातही पहिला घ्यायचा तो चौकोनी लिपचा, म्हणजे स्क्वेअर बिल, दोन-अडीच इंचांचा, १० ते १४ ग्रॅमचा. चौकोनी लिपचा कोपरा बाभळीच्या खुंटावर आपटला की लुअर एका अंगाला कलंडून बाजूने निसटतो. मागचे गळ लिपच्या आड राहत असल्यामुळे लाकडात कमी अडकतात. गोल लिपचा डुलत छान येतो, पण तो मोकळ्या पाण्याचा. आणि पाकिटावर ‘फ्लोटिंग’ लिहिलेलं असलंच पाहिजे. होडी नसल्यावर अडकलेला लुअर सोडवायला आपण आत जाऊ शकत नाही. तरंगणारा असेल तर दोरी ढिली सोडली की बऱ्याचदा आपोआप मागे सरकून वर येतो.

पाकिटावरची खोली मात्र जशीच्या तशी धरू नका. लांब फेक आणि बारीक दोरी असेल तेव्हाची ती खोली असते. दोरी जाड असेल, फेक आखूड असेल किंवा तुम्ही उंच थडीवर उभे असाल, तर लुअर त्याहून वरच चालतो. रॉडचं टोक पाण्याकडे झुकवलं तर थोडा खाली जातो, वर उचललं तर वर येतो. तळ जसजसा वर येईल तसतसं टोक उचलत जायचं, हे हाताला लवकर बसतं.

आता ओढण्याचं. फेकून झाल्यावर चार-पाच वेळा हँडल जोरात फिरवून लुअर खाली न्या, मग चाल मध्यम ठेवा. रॉडच्या टोकाला बारीक थरथर जाणवली पाहिजे. थरथर थांबली की समजायचं शेवाळ लागलं. तसाच ओढत आणण्यात अर्थ नाही, काढून साफ करा आणि पुन्हा टाका. खरं काम सुरू होतं चोच दगडाला नाहीतर खुंटाला लागते तिथे. टक् असं हाताला कळतं. त्या क्षणी ओढणं थांबवा. लुअर तोंड खाली ठेवून हळूहळू वर तरंगायला लागतो, आणि मासा बऱ्याच वेळा तेव्हाच घेतो. म्हणून एकदाही कशालाच न लागता परत येणारा लुअर मला निरुपयोगी वाटतो. जागा बदला, किंवा अर्धा फूट जास्त खाली जाणारा लावा.

फेक सरळ समोर मारायची सवयही सोडा. काठाला समांतर टाका. पाण्यात उतरण्याआधी, चार पावलं मागे थांबूनच पहिली फेक करा, कारण सकाळी मरळ अगदी कडेला असते आणि पायांची धमक तिला लगेच कळते.

आपल्याकडच्या लोकांना एक फायदा आहे, तो वाया घालवू नका. उन्हाळ्यात आपली धरणं खाली जातात. मे महिन्यात गिरणा, वाघूर, मन्याड, जे जवळ असेल त्याच्या उघड्या पडलेल्या बुडातून सकाळी चालून या. बुडालेल्या शेतांचे बांध, नाल्याची वळणं, खुंट, दगडांचे ढीग सगळं समोर दिसतं. फोटो काढा, फोनच्या नकाशावर खूण करून ठेवा. पावसाळ्यानंतर तिथे ३-४ फूट पाणी चढलं की शॅलो डायव्हर कुठे टाकायचा हे कुणाला विचारावं लागत नाही. व्हिडिओतलं ‘वसंतात बास उथळात येतो’ हे गणित थंड मुलुखाचं आहे. इथे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उथळ पाणी पहाटे आणि दिवस मावळताना, बाकी वेळ सावलीत बसा.

दाट जलपर्णी आणि पाणकणसात मात्र हा लुअर नकोच. तिथे रबरी बेडूक. उघड्या ट्रेबल (तीनतोंडी) गळांनी गवतात फक्त गवत येतं.

रंगाचं थोडक्यात: गढूळ पाण्यात झगझगीत पिवळा-हिरवा किंवा नारिंगी, आत छर्रे वाजणारा, पाणी निवळलं की चंदेरी. दोन रंग पुरे.

दोरी २० ते ३० पौंड ताणाची ब्रेड (विणलेली), पुढे अर्धा मीटर जाड मोनो (एकपदरी नायलॉन), कारण मरळीला दात आहेत. लुअरला गाठ आवळून बांधू नका, छोटा स्नॅप (उघडमिट होणारी कडी) लावा, म्हणजे तो मोकळा डुलतो. नवा लुअर एका बाजूला पळत असेल तर तो बिघडलेला आहे असं समजून फेकू नका. तोंड आपल्याकडे करून धरा आणि तो ज्या बाजूला पळतो त्याच्या उलट बाजूला पुढची कडी पक्कडीने अगदी किंचित वाकवा. केसभर वाकवायचं आणि पुन्हा टाकून बघायचं. गळांचे उलटे काटे त्याच पक्कडीने दाबून टाका. तीनतोंडी गळ बोटात गेला आणि काटा शाबूत असेल तर थेट दवाखाना. काटा दाबलेला असला की मासाही कमी जखमेने सोडता येतो.

जाण्याआधी दोन गोष्टी. बहुतेक तलावांचा मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असतो, त्यांना विचारूनच बसा. भोई मंडळींशी नीट बोललात तर जागाही तेच दाखवतात. आणि पावसाळ्यात हतनूरच्या खालच्या पात्रात उतरू नका. ४१ दरवाजे आहेत, वर पूर्णेला पाणी आलं की खाली तापी बघता बघता चढते.

पावसाळ्यात काठाजवळ लालसर-नारिंगी पिल्लांचा घोळका पाण्यावर बुडबुडताना दिसेल. ती मरळीची पिल्लं. खाली आईबाप राखणीला असतात. तिथे काहीही टाकलं तरी ते झडप घालतात, भुकेने नाही तर पिल्लांसाठी, म्हणून ती सगळ्यात सोपी फेक असते. टाकू नका. मोठा मासा काढला की तो अख्खा घोळका बाकीचे मासे आणि बगळे संपवतात. शे-दोनशे पावलं पुढे जा आणि तिथून सुरू करा.